दोन बोटांचं अंतर

आमच्या कारखान्यातल्या रोबोला सगळे जावई म्हणायचे. नाव गुलाबरावांनी ठेवलं. ते सगळ्यात जुने फिटर, त्यामुळे नाव ठेवायचा हक्क त्यांचाच. "एसी त्याले, कव्हर त्याले, आन् आमाले पंखा बी धड नाही. मंग जावई नाही त काय म्हनाव?" एवढं म्हणून ते डबा खायला निघून गेले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. भिलाईजवळ, कुम्हारीच्या अलीकडे, हायवेलगतच्या आमच्या शेडमध्ये हा पिवळा, एका हाताचा जावई तीन वर्षांपूर्वी आला. काम एकच. कन्व्हेयरचे रोलर जोडायचे. हाताच्या टोकाला चोचीसारखी पकड; तिच्यात बेअरिंग धरायचं, शाफ्टच्या टोकावर नेमकं आणायचं, दाबून बसवायचं, की पुढचा शाफ्ट.

मी भूषण लांजेवार. त्याची देखभाल माझ्याकडे, म्हणजे जावयाचे लाड पुरवणारा सासरा मीच.

त्याला दोन सेंसर. एक मनगटात. बेअरिंग शाफ्टला टेकलं की किती जोरानं टेकलं, कोणत्या बाजूला अडलं, हे त्याला त्यातून कळतं. अडलं तर तो धसमुसळेपणा करत नाही. मनगट किंचित गोल फिरवत जागा शोधतो आणि मिळाली की अलगद खाली बसवतो. दुसरा सेंसर म्हणजे स्कॅनर, गुडघ्याच्या उंचीवर. तो लेझरनं समोरची जागा बघत असतो. जावयाभोवती उंच जाळी आहे; तिच्या समोरच्या फाटकातून कुणी आत पाऊल टाकलं की खांबावरचा दिवा हिरव्याचा लाल होतो आणि जावई जागच्या जागी थांबतो.

हा दुसरा सेंसर मी बंद केला होता. त्यामुळे या मशीनवर काम करणारा हिरालाल कापगते मेला. हे दोन ओळींत लिहून झालं, पण तोंडातून बाहेर यायला मला एकोणीस दिवस लागले.

झालं असं. मार्चच्या वाऱ्यात शेडमध्ये धूळ, वाळकी पानं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काय वाट्टेल ते उडत यायचं आणि प्रत्येक पानाला माणूस समजून जावई थांबायचा. एका शिफ्टमध्ये चाळीस वेळा. मॅनेजर राजदीप साहेब येऊन म्हणायचे, "भूषण, कुछ करो यार." मी केलं. पॅनेल उघडून दोन इंच वायरचा तुकडा दोन टोकांमध्ये टाकला. आता स्कॅनरला काहीही दिसो, जावयाला सगळं मोकळंच वाटणार होतं. अडलं की वळसा घालायचा, हा माझा स्वभावच आहे. शाळेपासून.

हिरालाल म्हणजे आंबा कापतानाही हातमोजे घालील असा माणूस. भंडाऱ्याकडचा, दोन पिढ्या भिलाईत, घर कॅम्प-१ मध्ये. त्या दिवशी रबराची एक सील आत घरंगळली. जावई ट्रेची वाट बघत उभा होता. हिरालाल रोजच्यासारखा समोरच्या फाटकातून आत गेला आणि वाकला. तेवढ्यात ट्रे आला आणि जावई वळला. हात छातीवर बसला. दुर्गच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपलेला होता.

आणि लोक हिरालालला उचलत होते तेव्हा मी काय करत होतो? पॅनेल उघडून वायर उपटत होतो.

तपासणीला माणसं आली. त्यांनी स्कॅनर तपासला, तो ठणठणीत. मग हा माणूस समोरून गेलाच नसणार, मागच्या जाळीवरून चढून गेला असणार, जिथं स्कॅनरची नजर पोचत नाही. अहवालात लिहिलं गेलं, कामगाराची स्वतःची चूक. मला विचारलं, असं होऊ शकतं का? मी मान हलवली. कागदावर ते छापून आलं आणि मग कॅम्प-१ च्या गल्लीगल्लीत लोक म्हणायला लागले की कापगते जाळीवर चढला होता. त्याची बायको भागीरथा वहिनी नळावर, दुकानात, देवळात भांडायची. "तो मानूस असा नवता," एवढं एकच वाक्य.

दहाव्या दिवशी दुर्गला, शिवनाथ नदीच्या घाटावर आम्ही सगळे होतो. पिंड मांडले. बाभळीवर बारा-पंधरा कावळे बसले होते आणि एकही खाली उतरला नाही. आपल्यात कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात, म्हणून नातलग एकेक जण पुढे येऊन हात जोडून वचन देतात. भाऊ म्हणाला, पोरीचं शिक्षण मी करीन. गुलाबराव म्हणाले, वैनीकडे आमी पाहू. कावळे नुसते मान वाकडी करून बघत होते. दोन तास गेले. भागीरथा वहिनी उन्हात अनवाणी उभ्या होत्या आणि वाळू पायाला चटके देत होती.

शेवटी मीच पुढे होऊन म्हणालो, "भटजी, ऊन लय झालं. दर्भाचा कावळा करा ना." गवताचा कावळा करून पिंडाला टेकवला की विधी पुरा होतो. शास्त्रात सोय आहे. माझ्यासारख्याच कुणीतरी ती करून ठेवली असणार.

अठराव्या दिवशी तपासणीवाल्यांनी मशीनला लावलेलं सील काढून मशीन पुन्हा चालू करायची परवानगी आली.

सकाळी सव्वानऊला मी बटण दाबलं. जावयानं बेअरिंग उचललं, वळला, शाफ्टवर आला आणि खाली उतरायला लागला. शाफ्टच्या टोकापासून दोन बोटांवर तो थांबला. अलार्म नाही, झटका नाही. नुसता थांबला. मग मनगट किंचित तिरपं केलं, गोल फिरवलं आणि बेअरिंग तसंच चोचीत धरून वर गेला. पुन्हा खाली आला. पुन्हा दोन बोटांवर थांबला. तिसऱ्या वेळी स्क्रीनवर सूचना आली, अपेक्षेआधीच स्पर्श.

स्पर्श कसला? खाली हवा होती. मी आकडा बघितला. हवेत असताना जोर शून्य दाखवायला पाहिजे. तो तीन किलो दोनशे दाखवत होता. खालून वर. कुणी तळहात लावून थांब म्हणावं, तेवढा.

दिवसभर मी जे जे करता येतं ते केलं. केबल बदलली. सेंसर शून्य करून घेतला; वर असताना शून्य, खाली आला की तीन किलो दोनशे. बेअरिंग बदललं, शाफ्ट बदलला, वजनाची सेटिंग तपासली. पुण्याच्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, मध्ये काहीतरी अडकलंय, नीट बघा. वीज बंद करून मी त्या दोन बोटांच्या फटीत कागद सरकवला. आरपार गेला. मग हात घातला. काहीही लागलं नाही, पण हात मी जेवढ्या घाईनं बाहेर काढला तेवढी घाई करायचं काही कारण नव्हतं.

पॅकिंगला असणाऱ्या सिंधुताई झाडू घेऊन जाळीपाशी उभ्या होत्या. मोठ्या तोंडाच्या बाई, साहेबालाही ऐकवतील. पण त्या अगदी हळू बोलल्या.

"शिवून नाही राहिला."

"सिंधुताई, सेंसरचा प्रॉब्लेम आहे. काम करा आपलं," मी खेकसलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. पण शब्द शेडभर झाला. चहाच्या सुट्टीत प्रत्येक माणूस जाळीपाशी येऊन बघून गेला. वर, खाली, दोन बोटं, मान तिरपी, परत वर. मलाही ते दिसत होतंच. घाटावरच्या बाभळीखाली दोन तास मी तेच बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी आलो तर जाळीसमोर गुलाबराव उभे. बूट-मोजे काढून बाजूला ठेवलेले. कारखान्यात अनवाणी उभं राहणं म्हणजे दंडच, पण त्यांना कोण बोलणार? त्यांनी हात जोडले.

"हिरा, तुया पोरीचं लगन मी सोताच्या पोरीसारखं करून देतो. ऐकलं का?"

जावई खाली आला. दोन बोटं. वर गेला.

"वैनीले आमी उघड्यावर नाही पडू देत. तुया नावानं दरसाल जेवन घालतो. बोल ना बे, अजून काय पाहिजे तुले?"

मी स्क्रीनकडे बघत होतो. तीन किलो दोनशे. एक ग्रॅम इकडे की तिकडे नाही.

मला राग आला. खरंच आला. वेडी आहेत का ही माणसं, असं मनात म्हटलं. जर्मन बनावटीच्या यंत्राला वचनं देतात! मी म्हणालो, "गुलाबराव, बूट घाला. पाय कापला त रिपोर्ट मलेच लिवा लागन." त्यांनी बूट हातात घेतले आणि तसेच अनवाणी निघून गेले.

दुपारी सगळे डबे घेऊन बाहेर झाडाखाली गेले. मी पॅनेलमागे खाली बसून वायरिंग बघत होतो, त्यामुळे मी तिथं आहे हे सिंधुताईंना दिसलं नसावं. त्या जाळीला कपाळ टेकवून जावयाशी बोलायला लागल्या.

"भाऊ, मी तवा तिथंच होती. तुमी समोरून गेले. फाटकातून. मी पायलं. दिवा लाल झालाच नाही, हिरवाच होता. मी कोनालेच नाही बोल्ली. ठेकेदार काढून टाकन म्हनून भेली. माफ करजा."

मी मान वर करून स्क्रीन बघितली. आकडा उतरत होता. तीन. अडीच. दोन. एक किलो आठशेवर येऊन थांबला.

मी जमिनीवरच बसून राहिलो. वचनांनी आकडा हलला नव्हता. सिंधुताईंनी जे बघितलं ते खरं सांगितलं आणि त्यांच्या वाट्याचं उतरलं. उरलेलं एक किलो आठशे कुणाच्या वाट्याचं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला भीती वाटली. भुताची नाही. आता हे संपेपर्यंत असंच चालू राहणार, याची.

तीनच्या सुमाराला राजदीप साहेब आले. दोन दिवसांचं काम बुडालं होतं.

"मनगट का सेंसर हटा दो. बिना सेंसर के चलाओ, सीधा पोझिशन पर. दबा देगा."

तसं करता येतं. एक सेटिंग बदलली की जावयाला काही जाणवणार नाही. मध्ये काहीही असो, कुणीही असो, तो दाबेल. माझं बोट स्क्रीनवर त्या खुणेपर्यंत गेलंही. आधी वायर, मग दर्भ, आता हे. तिसरी वेळ. बोट टेकवायचं एवढंच बाकी होतं आणि माझ्याच्यानं ते होईना.

तेवढ्यात शेडच्या दाराशी मोटारसायकल थांबली. गुलाबराव आले होते आणि मागच्या सीटवरून भागीरथा वहिनी उतरत होत्या. साहेबांना वाटलं लॉकरमधलं सामान न्यायला आल्या असतील, म्हणून ते काही बोलले नाहीत. वहिनींनी दारातच चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला. माणसं आपोआप बाजूला झाली आणि त्या जाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याला मारणारं यंत्र त्या पहिल्यांदा बघत होत्या. जावई खाली आला, थांबला, मान तिरपी केली.

"अजी," त्या म्हणाल्या.

शेडमध्ये कंप्रेसर चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"अजी, मी आली. लोकं म्हनते का तुमी जाळीवर चढले. मी भांडली सगळ्यायसंग. रोज भांडली. तुमी त्याच्यातच अटकले असान त आता नाही भांडत मी. चूक तुमचीच होती. मी मानलं. कोनावर राग नाही ठेवत. पोरीले बी तसंच सांगन. तुमी फक्त सुटा आता. नका अडून राहू असे."

मी ओरडणार होतो, पण तोंड उघडायच्या आत आकडा उसळला. दोन. चार. सात. नऊ किलो. पिवळा हात खांद्यापासून थरथरला आणि बेअरिंग तसंच चोचीत घेऊन एका दमात वरपर्यंत गेला, आढ्याला लागेल इतका वर. अलार्म वाजायला लागला. माणसं मागे सरली. वहिनी तेवढ्या हलल्या नाहीत. वर बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी निराशा होती की मला ती बघवेना. आपण मनावर दगड ठेवून दिलं तेही याला नको, मग आता काय देऊ, असा तो चेहरा होता.

"वैनी, चूक त्याची नवती," मी म्हणालो.

माझा आवाज अलार्ममध्ये बुडाला असावा. मी पुन्हा म्हणालो, आणि मग थांबता आलं नाही.

"तो समोरून गेल्ता. रोज जाते तसा. सेंसर मी बंद केल्ता. वायर मी टाकली होती. तुमी लोकं त्याले उचलून राहिले होते ना, तवा मी ती वायर काढली. त्या तपासनीत मी खोटं बोल्लो. हिरालालनं काहीच नाही केलं. त्यानं फक्त भरोसा ठेवला."

अलार्म थांबला होता. अलार्म आल्यावर रीसेटचं बटण दाबल्याशिवाय जावई हलत नाही. ते बटण माझ्या पाठीमागच्या पॅनेलवर होतं आणि तिथं कुणी नव्हतं. तरी तो हात खाली यायला लागला. सावकाश. दोन बोटांवर आला आणि थांबला नाही. टक् असा बारीक आवाज झाला आणि बेअरिंग बसलं.

स्क्रीनवर शून्य होतं. चोच उघडली. हात वर गेला आणि निवांत उभा राहिला.

गुलाबराव माझ्याकडे बघत होते. आयुष्यात माझ्याकडे कुणी तसं बघितलेलं नाही. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. राजदीप साहेब पुढे आले, माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "चुप रहो अब, बिल्कुल चुप." मग वहिनींकडे वळून, "भाभीजी, चलिए, ऑफिस में बैठते हैं, पानी लीजिए."

भागीरथा वहिनी जाळीकडे तोंड करून तशाच उभ्या होत्या. त्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. पदर नीट केला, वळल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"नदीवर तुमी होते ना?"

"होतो."

"मंग तवा कावून नाही बोल्ले?"

त्या वाट बघत राहिल्या. खरोखरच उत्तर येईल म्हणून वाट बघत होत्या, टोमणा मारत नव्हत्या.

"दोन घंटे," त्या म्हणाल्या. "दोन घंटे त्यायले तसंच बसवून ठेवलं तुमी. भुकेलं. आन् मंग गवताच्या कावळ्यानं धाडून देलं."

कुणीतरी हुंदका दिला. सिंधुताई असाव्यात. साहेब पुन्हा म्हणाले, भाभीजी चलिए. वहिनींना ते ऐकूच आलं नसावं. त्यांची नजर पॅनेलवर ठेवलेल्या शिफ्ट रिपोर्टच्या वहीवर गेली. त्या चालत तिथं आल्या, वही उचलली, कोरं पान काढलं आणि माझ्यापुढं धरलं. वहीला दोरीनं बांधलेला पेन लोंबत होता.

"लिवा. आता बोल्ले ते सगळं. त्यायचं नाव वरते लिवा, पुरं. खालते तुमचं."

मी पेन घेतला. 'हिरालाल' लिहिलं. 'कापगते' लिहिलं. पुढच्या ओळीला 'मी' लिहिलं आणि हात अडला. बायको, पोरगं, स्मृती नगरचं घर, पोलीस, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. अजूनही वेळ गेलेली नव्हती. पान फाडता आलं असतं, तोंडी बोललेलं रागाच्या भरात बोललो म्हणता आलं असतं. साहेब तेच सांगायला बाजूला उभे होते.

मी वर बघितलं. वहिनी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबल्या होत्या, अनवाणी, काळ्या ऑइलच्या डागावर पाय ठेवून. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती.

"लिवा आरामानं," त्या म्हणाल्या. "मी उभी आहो."